कुंभार्ली घाटात पिकअप लंगडी पडते: रिमॅपनंतर पुन्हा पुन्हा येणाऱ्या पी०२९९ चा पाठलाग

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. सपाटीवर गाडी ठीक. रिकामी असेल तर घाटातही ठीक. मागे सहा-सातशे किलो माल टाकला, तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल दाबून धरलं आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा २,४०० च्या आसपास आला की आधी आरशात काळा धूर दिसतो, मग बॉनेटखालून बारीक सुस्कारा ऐकू येतो, मग इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गाडीतला जीवच जातो. पॅडल पार तळाला लावलं तरी ओढत नाही. बाजूला घेऊन बंद करा, अर्धा मिनिट थांबून चावी फिरवा, गाडी पुन्हा चांगली. पुढच्या चढाला परत तेच.

याला लिंप मोड म्हणतात. इंजिनाचा संगणक मागतोय तेवढा हवेचा दाब त्याला मिळत नाही, म्हणून तो डिझेल कापतो आणि टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, ढिला सोडतो. स्कॅनर लावला की पी०२९९ हा कोड येतो. अर्थ एवढाच, की बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, कमी पडला. टर्बो गेला असं तो कोड म्हणत नाही. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर चार महिने वाचले असते.

गाडी आणि तिच्यावर केलेले उद्योग

माझी डबल कॅब पिकअप आहे: २.५ लिटर, चार सिलिंडर, कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच जाड नळीतून मोठ्या दाबाचं डिझेल), बीएस४, व्हेरिएबल टर्बो (आतल्या पाकळ्या हलवून जोर कमी-जास्त करणारा). धंदा रोपवाटिकेचा. जून लागला की आंबा-काजूची कलमं भरून चिपळूणहून कराड-सांगलीकडे फेऱ्या सुरू होतात. मातीच्या पिशवीसकट एक कलम चार-पाच किलोला जातं, दीडशे कलमं म्हणजे वजन तुम्हीच मोजा. पोफळी सोडली की घाट सुरू, आणि माझी गाडी नेमकी तिथेच लंगडायची.

मूळ गाडीला काहीच झालं नव्हतं. हौस माझी. आधी रिमॅप करून घेतला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून घेतला, कागदावर तीस हॉर्सपॉवर जास्त. मग तेल लावायचा कापडी एअर फिल्टर. मग बंपरमागे मोठा ॲल्युमिनियमचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि निळ्या सिलिकॉनच्या होज, म्हणजे लवचीक नळ्या. दिसायला झकास. या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात केल्या, आणि ही पहिली चूक. एक वस्तू बदलून महिनाभर चालवली असती तर दोष कुठून आला ते आपोआप कळलं असतं.

दुसरी चूक म्हणजे कोड आल्यावर थेट टर्बोच्या मागे लागलो. एका वर्कशॉपने टर्बो बदलायचे ६२,००० सांगितले. दुसऱ्याने ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) बंद करू म्हटलं. तिसऱ्याने नुसता कोड पुसला आणि तीनशे रुपये घेतले. खरं तर या तिघांमध्ये कमीत कमी नुकसान त्यानेच केलं.

आधी मोजा

साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकाला जोडायचा छोटा स्कॅनर) आणि मोबाईलवर ॲप, एवढ्यावर काम भागतं. ॲपमध्ये तुमच्या इंजिनाचे आकडे नीट दिसत असले पाहिजेत, एवढंच पाहा. शेजारी कुणाला तरी बसवा, घाटात स्वतः मोबाईलकडे बघत बसू नका. चार आकडे एकाच वेळी नोंदवून घ्यायचे: इंजिनाचे फेरे, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट आणि टर्बोच्या ॲक्च्युएटरला (पाकळ्यांची दांडी हलवणाऱ्या भागाला) दिलेला हुकूम, तो टक्क्यांत असतो.

इथे अनेकजण एका गोष्टीत फसतात. स्कॅनरवरचा दाब बहुतेक वेळा निरपेक्ष असतो, म्हणजे त्यात वातावरणाचा दाबही धरलेला असतो. स्कॅनर २.३ बार म्हणाला तर चिपळूणला खरा बूस्ट १.३ च्या आसपास. डॅशबोर्डवर चिकटवलेलं दाबाचं घड्याळ मात्र फक्त वातावरणाच्या वरचा दाब दाखवतं. दोघांची गल्लत करून "माझ्या गाडीत सव्वादोन बार बूस्ट आहे" म्हणणारे मी पाहिलेत. आणि उंचीवर हवा विरळ होते, साधारण हजार मीटरला दहा-अकरा टक्के दाब कमी. तेवढाच निरपेक्ष दाब द्यायला टर्बोला घाटमाथ्यावर जास्त जोरात फिरावं लागतं. पायथ्याशी जेमतेम निभावणारी गाडी माथ्याजवळ मान टाकते ती त्यामुळे.

माझ्या नोंदीत २,४०० फेऱ्यांना मागणी २.४५ बारची, मिळत होते २.०५, आणि ॲक्च्युएटरचा हुकूम ९५ टक्क्यांना जाऊन टेकलेला. कोणत्या टोकाला टर्बो पूर्ण जोरात असतो ते गाडीगणिक वेगळं असतं. माझ्या गाडीत ९५ म्हणजे संगणकाने जीव तोडून टर्बो कामाला लावलाय. तरी दाब येत नाही म्हणजे हवा तयार होऊन वाटेत कुठेतरी निसटतेय, नाहीतर हुकूम टर्बोपर्यंत पोचत नाही, नाहीतर टर्बो खरंच थकलाय. याच क्रमाने तपासायचं, कारण खर्चही याच क्रमाने वाढतो.

उलट चित्र दिसलं, म्हणजे हुकूम कमी आणि दाब मागणीपेक्षा जास्त, तर टर्बोच्या आतल्या पाकळ्या काजळीने अडकल्यात. त्याचा कोड पी०२३४. ते दुखणं वेगळं, ते इथे घेत नाही.

गळती शोधायचं झाकण

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू ही, म्हणून सावकाश सांगतो.

प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसीचं एंड कॅप आणा, टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडाच्या मापाचं. त्याच्या मधोमध साडेअकरा मिलिमीटरचं भोक पाडा. पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेस टायरचा साधा व्हॉल्व्ह घ्या आणि भोकातून ओढून बसवा. सगळं मिळून शंभर रुपये होत नाहीत. आता एअर फिल्टरकडून येणारा पाइप टर्बोपासून सोडवा आणि त्या जागी हे झाकण होजच्या तुकड्याने आणि क्लिपने घट्ट आवळा. इंजिनाच्या ब्रीदरची (आतली वाफ बाहेर सोडणारी) नळी बहुतेक गाड्यांत त्याच पाइपला येऊन मिळते, त्यामुळे झाकण टर्बोच्या तोंडावरच बसवायचं. अलीकडे बसवलं तर हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात शिरेल आणि ऑइल सील बाहेर येतील.

इंजिन बंद. थंड. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावून १५ पीएसआय भरा, फार तर २०. झाकणासमोर उभं राहू नका. क्लिप सुटली तर ते गोळीसारखं येतं. थोडी हवा सिलिंडरमधून जाणारच, ऑइल फिलरपाशी फुसफुस ऐकू आली तर घाबरू नका. फारच दाब उतरत असेल तर क्रँक थोडा फिरवून पुन्हा बघा. मग धुण्याच्या पावडरचं पाणी स्प्रेच्या बाटलीत घेऊन एकेक जोड भिजवत जायचं.

माझ्या गाडीत वरचे सगळे जोड कोरडे होते. बंपर काढल्यावर इंटरकूलरच्या खालच्या तोंडाशी दुधावर यावा तसा फेस आला. होजच्या कडेला तेलाचा ओला डाग आणि त्यावर लाल धूळ चिकटून बसलेली. खरं तर एवढा डागच पुरे होता. टर्बोमधून थोडी तेलाची वाफ हवेबरोबर येतच असते. हवा जिथून निसटते तिथे ती तेल सोडून जाते आणि आपल्याकडची जांभ्याची धूळ त्यावर लेप देते. बंपर काढायचा कंटाळा केला म्हणून चार महिने तो डाग कुणाला दिसला नाही.

हा जोड मुळात का सुटत होता? बाजारातल्या इंटरकूलरच्या पाइपाचं टोक गुळगुळीत होतं. कंपनीच्या पाइपाला टोकाशी गोल उंचवटा असतो, होज त्यामागे अडकते. इथे अडकायला काहीच नाही, आतून तेलाचा बुळबुळीतपणा, वरून साधी जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची खाचांची पट्टी). दाब सव्वा बारच्या वर गेला की होज कडेने उचलायची, सुस्कारा टाकायची आणि दाब उतरला की परत बसायची. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला कितीही रेस दिली तरी काही दिसणार नाही. इंजिनावर भार नसतो तेव्हा तेवढा बूस्ट तयारच होत नाही.

काळ्या धुराचं कोडंही इथेच सुटतं. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरपाशी असतो, गळती त्याच्या पुढे. सेन्सर म्हणतो एवढी हवा आत गेली, संगणक त्या हिशोबाने डिझेल देतो, आणि त्यातली बरीच हवा बंपरखालून रस्त्यावर गेलेली असते. डिझेल जास्त, हवा कमी, म्हणून धूर.

कराडच्या आर्गन वेल्डिंगवाल्याकडून पाइपाच्या टोकाला वेल्डिंगची बारीक कड काढून घेतली, घासून गोल केली. साध्या सिलिकॉनच्या होज काढून टाकल्या आणि आतून तेलाला टिकणारं फ्लोरो अस्तर असलेल्या घेतल्या. साध्या सिलिकॉनमधून तेल पाझरतं आणि वर्षभरात होज फुगते. जुबली क्लिपच्या खाचा मऊ सिलिकॉनला कापतात, त्याऐवजी टी-बोल्ट क्लॅम्प. बसवण्याआधी दोन्ही बाजू थिनरने पुसून पूर्ण कोरड्या. आणि दोन-तीनदा इंजिन तापून थंड झालं की क्लॅम्प पुन्हा एकदा आवळायचे. हे शेवटचं काम सगळे विसरतात.

फिल्टरचंही सांगून टाकतो. कापडी फिल्टरला तेल जरा जास्त झालं की ते सेन्सरच्या बारीक तारेवर जाऊन बसतं आणि मोजमाप चुकतं. माझ्या सेन्सरवर चहासारखा रंग चढला होता. त्यासाठीचाच स्प्रे मिळतो, तो मारून सुकवा. पेट्रोल नको, कॉम्प्रेसरची हवा नको, बोट तर नकोच. मी कागदी फिल्टरवर परत आलो. आमच्याकडच्या धुळीत टर्बोच्या पात्यांचं आयुष्य मला आवाजापेक्षा महत्त्वाचं वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकेल.

व्हॅक्यूमची नळी

गळती बंद झाली, मागणी आणि प्रत्यक्षातला फरक ०.४० वरून ०.१५ वर आला. दिवा मात्र एक-दोन फेऱ्यांआड लागतच राहिला.

माझ्या टर्बोचा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीवर चालतो. पंप अल्टरनेटरच्या पाठीला, तोच ब्रेकच्या बूस्टरलाही खेचतो. तिथून बोटाएवढ्याही जाड नसलेल्या रबरी नळ्या सोलेनॉइडकडे (संगणकाच्या हुकमावर चालणारा विजेचा व्हॉल्व्ह) आणि पुढे टर्बोकडे जातात, एक्झॉस्टच्या धगीशेजारून. हाताने चालणारा व्हॅक्यूम पंप मिळतो, घड्याळासकट. ॲक्च्युएटरला लावून खेचा: दांडी न अडखळता पूर्ण सरकली पाहिजे आणि काटा मिनिटभर जागेवर राहिला पाहिजे.

आमच्या चिपळूणच्या मिस्त्रीकाकांकडे असला पंप नव्हता. त्यांनी सोलेनॉइडकडचं टोक सोडवलं, नळी लुंगीला पुसली, तोंडात धरून ओढली आणि जिभेने भोक बंद केलं. दोन सेकंद थांबले. "धरत नाही रे," म्हणाले. नळी टर्बोच्या बाजूला वाकवून बघितली तर आतल्या अंगाला केसाएवढी चीर. मीटरभर नवी नळी टाकली, धगीच्या जागी जुन्या गाडीची काचतंतूची बाही चढवली. हे सगळं मोठा इंटरकूलर बसवताना झालं असणार. पाइपाला जागा करायला नळी कुणीतरी एक्झॉस्टकडे ढकलली होती.

त्यानंतर पी०२९९ आजपर्यंत आलेला नाही.

आणि मग पी००८७

तीन आठवड्यांनी पुन्हा तसाच धक्का, तसाच पिवळा दिवा. मी पुन्हा बंपर काढायला निघालो होतो. स्कॅनर लावला म्हणून वाचलो, कोड वेगळा होता: रेलमधला डिझेलचा दाब कमी. ड्रायव्हरच्या सीटवरून दोन्ही दुखणी सारखीच वाटतात. आधी हवा कमी होती तेव्हा संगणक डिझेल कापायचा. हवा पूर्ण मिळायला लागल्यावर तो पूर्ण डिझेल मागायला लागला आणि तेव्हा कळलं की ते पुरत नाही.

भारावर मागणी १,६०० बारची, हातात १,३५०. इथेही स्वस्तापासून सुरुवात करायची. डिझेल फिल्टरच्या तळातलं पाणी सोडा, फिल्टर बदला, आणि तो चांगलाच घ्या. मग टाकीपासून पंपापर्यंत कुठे हवा ओढतेय का ते बघा. मिस्त्रीकाकांनी फिल्टरच्या आधी सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा जोडला. रेस दिली की आतून मुंगीएवढे बुडबुडे धावताना दिसले. प्रायमरच्या (हाताने डिझेल भरायच्या पंपाच्या) तोंडाची क्लिप ढिली होती. सलाइनची नळी डिझेलने लवकर मऊ पडते, बघून झालं की लगेच काढा.

तरी दीडशे बार कमीच. मग इंजेक्टरची, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलची, परतीची चाचणी. चारही नोझलच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन ठराविक मिनिटं चालू ठेवायचं. तीन बाटल्या जवळपास सारख्या भरल्या, तिसऱ्या नंबरची दुप्पट. म्हणजे पंप दाब तयार करतोय आणि ते नोझल परत टाकीत सोडतंय. नोझलवाल्याकडून ते दुरुस्त करून घेतलं. नव्या किंवा दुरुस्त इंजेक्टरचा नंबर संगणकात घालावा लागतो, तो घातलाय ना हे समोर उभं राहून बघा. परतीच्या बाटल्या समान असत्या तर पुढची पायरी पंपावरचा सक्शन व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जावं ते ठरवणारा), आणि पंप सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट मात्र जीवावरची. जुन्या डिझेलगाड्यांत इंजिन चालू ठेवून नोझलचा नट ढिला करायची सवय आपल्या अनेक मिस्त्रींना आहे. कॉमन रेलमध्ये तसं कधीही करू नये, आणि हात फिरवून गळती शोधू नये. हजार-दीड हजार बारची ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून टोचल्याएवढंच दिसतं, आत बोट सडायला लागतं. असं झालं तर मलम लावत बसू नका, तासाभरात हॉस्पिटल गाठा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे शब्द डॉक्टरांना सांगा.

रिमॅपचं काय केलं

यानंतर नोंदी घेऊन रिमॅपवाल्याकडे गेलो. २,००० ते २,६०० फेऱ्यांमध्ये त्याच्या मॅपची मागणी या टर्बोला घाटात, भारावर पेलण्यासारखी नव्हतीच. सपाटीवर दहा सेकंद जोर मिळतो तेव्हा सगळं छान. वीस मिनिटांची चढण वेगळी. टर्बोच्या आधी धुराच्या उष्णतेचा सेन्सर बसवला तर तिसऱ्या गिअरमध्ये ७८० अंशांवर काटा. सलग भारावर ७०० ते ७५० ही मर्यादा ट्यूनिंगवाले स्वतःच पाळतात. खालच्या फेऱ्यांतला टॉर्क कमी करून घेतला आणि बूस्टची मागणी ०.१५ ने उतरवली. आता त्याच चढावर ६८० च्या आसपास राहतो. पहिल्यापेक्षा थोडी हळू चढते, पण चढते. क्लचलाही बरं.

ज्यांच्या गाड्या बीएस६ आहेत त्यांनी हे जपून वाचा. तिथे डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे. रिमॅपने धूर वाढला की तो आधी फिल्टरमध्ये साठतो, फिल्टर वारंवार जाळून साफ करावा लागतो आणि त्या भानगडीत डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी आपोआप वाढतेय असं दिसलं तर आनंद मानू नका.

डीपीएफ किंवा ईजीआर काढून टाकू म्हणणाऱ्याकडून पाय मागे घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीमधल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पीयूसीत बीएस४ डिझेलला धुराची मर्यादा ५० एचएसयू (धुराच्या काळेपणाचं माप) आहे. गळती होती तेव्हा माझी गाडी त्यात बसली नसती. आणि अपघात झाला तर विम्याचा माणूस बॉनेट उघडतो तेव्हा निळ्या होज त्याला पहिल्यांदा दिसतात.

या पावसाळ्यात कलमांच्या नऊ फेऱ्या झाल्या. शेवटच्या नोंदीत मागणी २.३०, हातात २.२७. पीव्हीसीचं ते झाकण गाडीतच ठेवत होतो. कळल्यावर दोघेजण मागून घेऊन गेले, एकाच्या गाडीत इंटरकूलरच फुटलेला निघाला. दुसऱ्याने झाकण अजून परत केलेलं नाही.